चौदा एप्रिलच्या चौकोनात

डिसेंबर संपत आला की आमच्या शिक्षक-खोलीत नवं कालनिर्णय येतं आणि त्यावर पहिली झडप पडते ती सुट्ट्या मोजणाऱ्यांची. कुठली रविवारी ‘गेली’, कुठली शुक्रवारी पडून लाभली, याचा हिशेब चहा गार होईस्तोवर चालतो. दोन सुट्ट्या एकाच तारखेवर आल्या तर मात्र घरात काही वाईट घडल्यासारखे चेहरे होतात. २०२२ साली १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि महावीर जयंती एकाच गुरुवारी आल्या. लगेच शुक्रवारी गुड फ्रायडे होता, पुढे शनिवार-रविवार, म्हणजे तक्रार करण्यासारखं खरं तर काही नव्हतं. तरीही आमच्या एक बाई एप्रिल संपेपर्यंत “एक बुडाली हो” म्हणत होत्या.

त्या एका तारखेवर आणखी बरंच काही होतं. तमिळ नववर्ष होतं. रमजानचे रोजे चालू होते. ख्रिस्ती घरांत शेवटच्या भोजनाचा, पवित्र गुरुवारचा दिवस होता. आणि अग्निशमन सेवा दिन होता. हा शेवटचा कुणाच्या मोजणीत येत नाही, कारण त्याची सुट्टी नसते. मला तो आठवतो, कारण मी बंबवाल्याची मुलगी आहे.

शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात दिनविशेष लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा, आणि मग एखादी मुलगी घाईघाईत दिनविशेष वाचून टाकते. मला या प्रकाराबद्दल फार प्रेम नाही, हे आधीच सांगते. तीनशे सहासष्ट चौकोन आणि जगाचा सगळा इतिहास. कुठल्याही चौकोनात हात घातला तरी एक राजा जन्मलेला, एक कवी गेलेला आणि कसलातरी शोध लागलेला सापडणारच. १८६५ साली १४ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात लिंकनला गोळी लागली. १९१२ साली १४ एप्रिलच्याच रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळलं. या दोन रात्रींचा एकमेकींशी काय संबंध? काहीच नाही. सातवीतली मुलं मात्र अशी यादी ऐकली की लगेच अर्थ काढायला बसतात: “बाई, चौदा तारीख अशुभ आहे का?”

नाही रे बाबांनो. आणि तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांमध्ये त्या दिवशी दिवाळीपेक्षा मोठी दिवाळी असते.

लिंकनचं नाव आलंच आहे म्हणून एक गोष्ट सांगते, कारण तिथे तारखेपलीकडचा खरा धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मोकळं केलं त्यांना. पुण्यात बसून. जोतीरावांची जयंती ११ एप्रिलला, बाबासाहेबांची १४ला. आमच्या वस्त्यांमध्ये अकरा ते चौदा हा एकच लांबलचक उत्सव असतो. व्याख्यानं, वक्तृत्व स्पर्धा, रक्तदान, आणि ग्रंथालयात सलग अठरा तास अभ्यासाला बसणारी पोरं. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत, म्हणून तेवढे तास. जयंतीच्या नावाने अभ्यासाला बसायची पद्धत आणखी कुठल्या जयंतीला आहे, मला तरी माहीत नाही.

बाबासाहेबांचा जन्म १८९१चा, महूच्या लष्करी छावणीत. गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. त्यांची जयंती सार्वजनिक रीतीने पहिल्यांदा साजरी केली ती पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी, १९२८ साली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ज्याची जयंती तो माणूस सदतीस पूर्ण करून अडतिसाव्यात पडणार, जिवंत, धडधाकट, अजून निम्मी लढाई बाकी! सरकारला जाग यायला पुढे साठ वर्षं लागली. १९९० साली भारतरत्न दिलं गेलं, जन्मशताब्दीचं वर्ष सामाजिक न्यायाचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. तोवर लोकांनी आपापल्या गल्लीत, वर्गणीच्या पैशाने, जलशांच्या जोरावर हा दिवस कधीच मोठा करून ठेवला होता. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या घरांत रेडिओ नव्हता त्या घरांतही पाठ होती. चौदा एप्रिलचा आकडा कॅलेंडरवर लाल झाला तो या सगळ्यानंतर.

आमच्या घरी मात्र या दिवशी एक माणूस कायम गैरहजर असायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मुंबई अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागले आणि पुढे त्यातच चढत गेले. आम्ही केंद्रामागच्या वसाहतीत राहायचो. तेरा एप्रिलच्या रात्री बाराला वसाहतीत फटाके, केक, त्रिशरण-पंचशील, निळे झेंडे, सगळं व्हायचं. आणि सकाळी सहाला अण्णा कडक इस्त्रीचा गणवेश घालून निघायचे. सकाळी गोदीच्या स्फोटात गेलेल्या जवानांना मानवंदना. मग आठवडाभर, १४ ते २० एप्रिल, अग्निशमन सेवा सप्ताह: शाळाशाळांतून प्रात्यक्षिकं, सोसायट्यांमध्ये व्याख्यानं, छातीवर टाचायच्या छोट्या कागदी झेंड्यांची विक्री, त्याचे पैसे शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी. आणि चौदाच्या संध्याकाळी मिरवणुकांचा बंदोबस्त. विजेच्या तारा, फटाके, जनरेटर, उंच रथ. बंब उभा हवाच. म्हणजे जी मिरवणूक आमच्या वसाहतीसमोरून जायची, तिच्या मागे शंभर पावलांवर अण्णा असायचे, पण मिरवणुकीत नसायचे. आईचं म्हणणं होतं की या माणसाने नोकरीत असताना एकही जयंती घरच्यांबरोबर काढली नाही. अण्णांचं म्हणणं होतं की मी दरवर्षी सगळ्यात पुढच्या जागी उभा असतो, तुम्हीच मला बघत नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, “अण्णा, तुमच्यासाठी चौदा एप्रिल म्हणजे आधी काय? जयंती की गोदी?” ते बुटांना पॉलिश करत होते. म्हणाले, “सकाळी गोदी, संध्याकाळी जयंती. ड्युटी चार्टवर असंच लिहिलंय.”

गोदीचा स्फोट हे प्रकरण मुंबईबाहेर कुणाला फारसं माहीत नाही, आणि मुंबईतही ते आता म्हाताऱ्यांच्या आठवणीत आणि बंबवाल्यांच्या सप्ताहात उरलंय. म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९४४चा एप्रिल. तिकडे इंफाळ-कोहिमाला जपानी सैन्य येऊन भिडलेलं. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं साधारण सात हजार टनांचं मालवाहू जहाज बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा होता: तोफगोळे, पाणतीर, सुरुंग. शिवाय स्पिटफायर विमानं, आणि बँकेसाठी पाठवलेलं सोनं. हे कमी होतं म्हणून कराचीत त्यात कापसाच्या हजारो गासड्या, लाकूड, तेलाची पिंपं, भंगार आणि सुकी मासळी भरली गेली. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात ठेवू नये हे कळायला नाविक असायची गरज नाही. पण युद्धाच्या काळात जागा मिळेल त्यात माल जायचा, कप्तानाचं म्हणणं कुणी विचारात घेतलं नाही. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने वर लाल निशाण चढवायचं असतं. तेही चढलेलं नव्हतं.

शुक्रवारी १४ तारखेला, दुपारच्या जेवणानंतर हमाल पुन्हा खाली उतरले तेव्हा दोन नंबरच्या तळघरातून धूर येत होता. आग नेमकी कशी लागली हे ठामपणे कधीच ठरलं नाही. त्यानंतरचे दोन तास अण्णांना तोंडपाठ होते आणि ते आम्हाला जेवताना सांगायचे, आई “ताटावर नको” म्हणायची तरी. खाली कापूस, त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. वरून पाण्याचा मारा सुरू झाला, शेकडो टन पाणी आत गेलं. पण आग दिसतच नव्हती. पाणी चढत गेलं तसा जळता कापूस तरंगत वर गेला, म्हणजे आपणच आग उचलून दारूगोळ्याच्या जवळ नेली. जहाजाच्या कुशीवरचा रंग एका जागी फुगायला लागला, म्हणजे आगीचं ठिकाण कळलं. तिथे पत्रा कापून भोक पाडायचं ठरलं तर गॅसकटर चालेना. दरम्यान धक्क्यावर साहेबलोकांची चर्चा: जहाज बुडवावं की ओढून समुद्रात न्यावं? गोदीतलं पाणी इतकं उथळ होतं की जहाज बुडूनही बुडालं नसतं. बाहेर न्यायला वेळ. एकाचा हुकूम दुसऱ्याला चालत नव्हता. अण्णा इथे नेहमी थांबायचे आणि बोटं मोजायचे: लष्कराचा एक, गोदीचा एक, जहाजाचा एक, बंबाचा एक. “चार साहेब आणि एक आग.”

तीन पन्नासला जहाज सोडायचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा.

त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. ‘जलपद्म’ नावाचं चार हजार टनांचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन त्याचं बूड धक्क्यावर येऊन पडलं. डझनभर जहाजं गेली. पेटलेल्या कापसाचे गोळे मांडवी, मस्जिद बंदर, कर्नाक बंदरावर पाऊस पडावा तसे पडले आणि त्यांनी लाकडी घरं, गोदामं, धान्याच्या वखारी पेटवल्या. बंगालात लोक भुकेने मेल्याला वर्षही झालं नव्हतं, मुंबईत रेशनिंग चालू होतं, आणि इथे हजारो टन धान्य जळत होतं. सोन्याच्या विटाही उडाल्या, पावणेतेरा किलोची एकेक. त्यातली एक मैलभर अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली आणि त्यांनी ती परत केली. मुंबईकरांना या सगळ्यातलं नेमकं हेच सर्वांत जास्त आठवतं. पुढे कित्येक वर्षांनी गोदीचा गाळ काढतानाही अशी एखादी वीट सापडायची.

६६ बंबवाले गेले. हा आकडा पक्का आहे, कारण दलाकडे हजेरीपट होता. बाकी मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. या फरकातली पाचशे माणसं कोण? बरेचसे गोदीतले रोजंदारीचे हमाल. त्या काळी गोदीचं काम टोळीवाल्याच्या हातात असायचं. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, टोळीवाल्याने बोट दाखवलं तर आत, नाही तर घरी. कुठल्याच कागदावर नाव नाही. ज्याचं नाव आत जाताना लिहिलं नाही, तो बाहेर आला नाही हे कुणी आणि कसं लिहायचं?

आणि वर्तमानपत्रांत काय आलं? त्या क्षणी जवळजवळ काहीच नाही. युद्धकाळातली सेन्सॉरशिप होती. शहराचा एक तुकडा सपाट झालेला, ऐंशी हजारांच्या आसपास माणसं बेघर, आणि सविस्तर बातमी जगाला आधी सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. इथल्या छापखान्यांना परवानगी मिळाली ती मे महिन्यात. त्यामुळे या शहराला आपल्या घरासमोरची गोष्ट महिनाभर तोंडी सांगावी लागली. कुणी म्हणे जपान्यांचा हल्ला, कुणी म्हणे घातपात. आमच्या आजीपर्यंत पोहोचलेली आवृत्ती अशी होती की समुद्रच पेटला.

आजोबा या गोष्टीत येतात ते स्फोटानंतर. ते दापोलीकडचे, मुंबईत गोदीच्या फाटकाशी उभं राहणाऱ्यांपैकी. स्फोटाच्या दिवशी ते कुठे होते हे मी पुष्कळदा ऐकलं आणि दर वेळी वेगळं ऐकलं, म्हणून ते सांगत नाही. पुढचं मात्र घरात सगळे एकच सांगतात. गोदी पुन्हा चालू करायला ढिगारा उपसायचा होता, सुमारे पाच लाख टन. त्यासाठी आठ हजार माणसं सात महिने राबली. त्यांतले एक आजोबा. कुजलेलं-जळलेलं धान्य, वाकलेलं लोखंड, आणि मधूनच हाताला लागायचं ते. पण रोज काम होतं. टोळीवाल्याच्या बोटाकडे बघायला लागलं नाही. आजी शेवटपर्यंत म्हणायची की त्या सात महिन्यांत घरात तांदूळ कधी संपला नाही. हे बोलताना तिला बरं वाटायचं आणि बरं वाटतंय याचं वाईटही वाटायचं. ती लगेच पदर सारखा करून विषय बदलायची.

आता या सगळ्याचा बाबासाहेबांशी संबंध काय? सरळ संबंध नाही, आणि ओढूनताणून लावायचा नाही असं मी स्वतःला बजावते. त्या शुक्रवारी त्यांना ५३ वर्षं पूर्ण झाली, एवढंच. पण ते त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, १९४२पासून. कामगाराच्या कामाचे तास, कारखान्यातली सुरक्षा, नोकरी देणारी सरकारी केंद्रं, हेच त्यांच्या टेबलावरचे विषय. ज्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही असा मजूर हा त्यांच्या खात्याचा प्रश्न होता आणि त्यांच्या समाजाचाही, कारण रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला आमचा माणूस गिरणीत नाही तर गोदीत. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. तो बाबासाहेबांनी केला असं आमच्याकडे भाषणांत ठोकून देतात. त्या वेळी मजूरमंत्री जगजीवनराम होते आणि बाबासाहेब कायदामंत्री. भाषण करणाऱ्यांना मी हे एकदा सांगून पाहिलं. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही.

जहाजाची एक गोष्ट मात्र खरंच त्यांची आहे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपली पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती आणि जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवलं. कोलंबियाच्या दिवसांत पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं. अण्णांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “जहाजावरची माणसं वाचली का?” पेशाच तसा.

नववर्षांचं थोडक्यात. तमिळनाडूचं पुथांडु, केरळचं विशू, पंजाबची वैशाखी, आसामचा बिहू, बंगाल्यांचा पोयला बोइशाख हे सगळे १३ ते १५ एप्रिलच्या दरम्यान येतात, कारण ते सूर्य मेष राशीत जाण्याशी बांधलेले आहेत. माटुंग्याच्या बाजारात विशूच्या आदल्या दिवशी बहाव्याचे पिवळे घोस विकायला येतात, ते बघण्यासाठी तरी एकदा जावं. गंमत म्हणजे जयंतीचा आणि नववर्षाचा हा शेजार कायमचा नाही. आपलं राशींवर आधारलेलं सौरवर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं, त्यामुळे दर सत्तर-बहात्तर वर्षांनी मेष संक्रांत एक दिवस पुढे सरकते. जयंती चौदालाच राहील आणि नववर्ष हळूहळू तिच्यापासून लांब जाईल. हजार-बाराशे वर्षांनी ते मे महिन्यात पडेल. बांगलादेशाने तर आपला पोयला बोइशाख १४ एप्रिलला खिळा मारून पक्का करून टाकलाय, कोलकात्यात तो बहुधा १५ला असतो. एकच सण, एकच भाषा, मध्ये सीमारेषा आणि एक रात्र.

आम्हाला हे दोन घड्याळांचं जगणं नवीन नाही. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. त्या दिवशी दसरा होता. म्हणून नागपूरला दीक्षाभूमीवर दसऱ्याला गर्दी असते आणि १४ ऑक्टोबरलाही असते. दोन्ही खरे. शिवजयंतीसारखं तिथी की तारीख म्हणून आम्ही त्यावर भांडलो नाही, हे आमचं नशीब. किंवा भांडायला विषय भरपूर होते, म्हणूनही असेल.

२०२०चा चौदा एप्रिल मी विसरणं शक्य नाही. टाळेबंदीचे पहिले एकवीस दिवस त्या दिवशी संपायचे होते. जयंती घरातच करा असं सगळ्यांनी सांगितलेलं, आमच्या लोकांनी ते ऐकलंही; खिडकीत दिवे, भिंतीवरच्या फोटोला हार, मोबाइलवर वंदना. सकाळी दहाला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. दुपारी चारच्या सुमारास वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. गाड्या सुटतील या आशेने. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. ते टीव्हीसमोर उभे राहिले, बसले नाहीत. त्या गर्दीत कुणाचं नाव कुठल्या कागदावर होतं? ठेकेदाराने फोन बंद केलेला, खोलीमालक दारात उभा. अण्णा एवढंच म्हणाले, “टोळीवाला गेला नाही म्हणायचा.” आणि मग घड्याळाकडे बघून, आपल्याशीच, “चार वाजून गेले.”

मी मघाशी म्हटलं की तारखांच्या योगायोगात अर्थ शोधू नये. त्या दुपारी मला ते पाळता आलं नाही.

पुढच्या वर्षीही जयंती घरातच गेली. मग २०२२ला निर्बंध उठले आणि दोन वर्षांची तुंबलेली मिरवणूक बाहेर पडली. तीच ती, आमच्या बाईंची ‘बुडालेली’ सुट्टी. मी अण्णांना खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला बसवलं. समोरून डीजे, निळा गुलाल, लेझीम, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, पांढऱ्या शर्टांतली पोरं. एका जैन मंडळाने दुपारपासून पाण्याचा आणि ताकाचा मंडप लावला होता, त्यांचीही जयंतीच होती. रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा मशिदीजवळ आवाज दहा मिनिटं बंद झाला, मग दुप्पट सुरू झाला. अण्णांचं लक्ष मात्र वेगळीकडेच. “बंब कुठे उभा केलाय बघ. वळणावर? वळणावर कोण उभा करतं, वर्दी आली तर काढणार कसा?” त्यांनी मला उठवून त्या जवानांकडे पाठवलं. मी गेले, लाजतच. जवान हसले, म्हणाले, “मॅडम, रिव्हर्सची जागा ठेवलीय. काका दलातले का?” आणि येऊन त्यांनी अण्णांना कडक सलाम ठोकला, वर “जयभीम, सर” म्हणाले. अण्णांनी बसल्या जागी छाती ताठ केली आणि विचारलं, “सकाळची मानवंदना झाली नीट?”

अण्णांचं वय विचाराल तर तिथेही तारखेचाच घोळ आहे. त्यांचा जन्म १ जून १९४४. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्यांची पिढीच्या पिढी आहे; जन्माची नोंद नाही, आई सांगते “पेरणीच्या आधी”, आणि गुरुजी नाव घालताना शाळेच्या हिशेबाने १ जून टाकून मोकळे. आमच्या शाळेच्या जुन्या दाखलपटात पानंच्या पानं १ जूननं भरलेली मी पाहिली आहेत. आजीची नोंद निराळी होती. “गोदी उडाली त्या साली, ढिगारा उपसत व्हते तवा झाला ह्यो.” म्हणजे एप्रिल ते नोव्हेंबरमधला कुठलाही दिवस. गुरुजींनी त्यातला एक निवडला, आणि तो चुकला असेल असंही म्हणता येत नाही.

एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे आपल्याकडे ३१ मे हा निवृत्तीचा महापूर. २००२च्या ३१ मेला अण्णांचा निरोप समारंभ झाला तेव्हा मंचावर खुर्च्या पुरल्या नाहीत, कारण त्यांच्याबरोबर एक जूनवाले कितीतरी होते. शाली कमी पडल्या, नारळ कमी पडले. निवेदकाने पहिल्या दोघांना वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या, तिसऱ्यापाशी अडखळला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, “बाकी सगळ्यांनाही त्याच दिवसाच्या.” टाळ्या पडल्या. अण्णांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या जुन्या सोबत्याने कानात विचारलं, “खरी कधी रे तुझी?” अण्णा म्हणाले, “गोदीची.” तो म्हणाला, “माझी प्लेगाची,” आणि दोघं इतके हसले की फोटोवाल्याला पुन्हा फोटो काढावा लागला.